टेबलाखालचा ओंडका

मानपाड्याच्या नाक्यावरचे आमचे इस्त्रीवाले काका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, कॉलरकडे बघतात. चुरगळलेली दिसली की च्यक् करतात. त्यांच्या टेबलाखाली आंब्याचा एक ओंडका कायम असतो. परवा नेमका कोळसा संपला आणि मला तर लग्नाला जायचं होतं. मी डोळा मारत म्हणालो, "काका, तो ओंडका पेटवा की."

"खडवलीच्या आमच्या अंगणातला आहे," काका म्हणाले. "आमची ही रोज त्या आंब्याखाली बसून माझ्याशी भांडायची. माणसानं सोडलेला श्वास झाड पोटात धरून ठेवतं, नातीच्या पुस्तकात आहे. आता ही नाही. पेटवला तर तेवढाही हवेत जाईल."

च्यक् न करता त्यांनी चुरगळलेला शर्ट माझ्या हातात ठेवला. लग्नात मी तोच घालून मिरवलो.