आनंदीबाईंची खिडकी

दिवेआगर-श्रीवर्धनची एका दिवसाची सहल म्हटली, की नारायण पेठेतल्या हिंदुरावांचंच नाव निघायचं. पहाटे बस सुटायची. ताम्हिणी घाट उतरून दुपारी दिवेआगरला जेवण, मग समुद्राच्या कडेकडेनं श्रीवर्धन आणि रात्री घर. वर्षानुवर्षं हा माणूस ड्रायव्हरच्या बाजूला, तोंड प्रवाशांकडे करून, हातात माइक धरून उभा. समुद्राचं वर्णन मात्र असं करायचा, की आदल्या दिवशी येऊन त्यानंच तो भरून ठेवलाय!

श्रावणात त्यांची बायको, हेमा, गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. हिंदुराव रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. चहा पुढे आला की प्यायचा, कुणी 'जेवा' म्हटलं की जेवायचं. दुःखसुद्धा होत नाही याचीच त्यांना भीती वाटायला लागली होती.

दिवाळीनंतर सहली सुरू झाल्या तशी त्यांनी बस काढली. मनाशी एकच ठरवलं होतं, हेमा गेल्याचं बसमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही. पेठेत ती गेली होती. बसमध्ये अजून होती.

होती म्हणजे कशी? तिला गाडी लागायची, म्हणून ती कधी आली नाही. पण दर सहलीला तिनं केलेल्या आवळासुपारीचा स्टीलचा डबा यायचा, आणि घाट लागला की हिंदुराव माइकवर सांगायचे, "आमच्या हिला पहिल्याच वळणाला मळमळतं. म्हणून ती घरी बसून आवळासुपारी करते, आणि ती खात खात समुद्र तुम्ही बघता!" बस हसायची. दरवेळी तीच गंमत, दरवेळी तेच हसू.

या खेपेला त्यांनी मंडईजवळच्या दुकानातून आवळासुपारी आणली आणि तिच्याच डब्यात भरली. कोणाला काय कळतंय!

कळलं. कोथरूडच्या आनंदीबाईंना कळलं. या निवृत्त मुख्याध्यापिका. दरवर्षी यायच्या आणि समुद्राकडची पहिली खिडकी धरून बसायच्या. एकदा नव्यानं लग्न झालेल्या भाचीनं ती मागितली, तर म्हणाल्या होत्या, "तुझं सगळं आयुष्य पडलंय समुद्र बघायला." त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच म्हणाल्या, "ही विकतची आहे."

"या वेळी जमलं नाही हिला," हिंदुराव म्हणाले.

"हं," आनंदीबाई म्हणाल्या.

मग घाट लागल्यावर हिंदुरावांनी नेहमीची गंमत सांगितली. बस हसली. हिंदुरावांना काहीच वाटलं नाही, फक्त एक काम उरकल्यासारखं झालं.

दिवेआगरला सगळे जेवले. पुढे शेखाडीचा रस्ता लागला आणि उजव्या हाताला समुद्र उघडला. हिंदुरावांनी पाठ केलेलं सुरू केलं. होड्या, खडक, फेस, सगळं. तेवढ्यात आनंदीबाई म्हणाल्या, "अहो हिंदुराव, तो माइक ठेवा जरा खाली. गंमत फार जुनी झाली तुमची. पुढच्या खेपेला त्यांना आणाच. घाटात मी बघते त्यांच्याकडे. आणि या रस्त्याला माझी खिडकी देते."

सगळ्यांच्या माना वळल्या. आनंदीबाई आणि खिडकी देणार?

'आणतो की' हे शब्द हिंदुरावांच्या ओठावर आले होते. दिवसभर ते असंच निभावत आले होते. पण ही बाई, जिनं सख्ख्या भाचीला नाही दिली, ती हेमाला खिडकी देत होती. तिथं त्यांना खोटं बोलवेना.

"ती नाही हो आता," ते म्हणाले. "श्रावणात गेली."

आनंदीबाई अरेरे म्हणाल्या नाहीत की हात जोडले नाहीत. पर्स उचलली आणि उठल्या.

"बसा."

"अहो, मला अजून सांगायचंय पुढचं..."

"समुद्र दिसतोय आम्हाला. बसा म्हणते ना!"

हिंदुराव बसले. इतक्या वर्षांत या रस्त्याला ते पहिल्यांदा बसले होते. समुद्र त्यांनी सांगितला होता तसाच होता. होड्या होत्या, फेस होता. त्यांना काही वाटेना. वारा तोंडावर येत होता. बराच वेळ ते नुसते बघत राहिले, मग एकदम आनंदीबाईंकडे वळले.

"अहो, इथं मळमळलं नसतं तिला," ते म्हणाले. "वारा आहे की इथं. घाट तेवढा काढला असता, की मग हे एवढं सगळं..."

खिडकीच्या गजाला कपाळ टेकून ते रडले. भर बसमध्ये, लहान पोरासारखे मोठ्यानं रडले.

आनंदीबाई हिंदुरावांच्या जागी दांडा धरून उभ्या होत्या. गुडघे दुखत असताना श्रीवर्धन येईपर्यंत उभ्याच राहिल्या. मध्येच त्यांनी तो स्टीलचा डबा उघडून हिंदुरावांपुढे धरला.

"विकतची आहे," त्या म्हणाल्या, "पण घ्या."