घोंगडीला आलेला खारा वास

वडिलांची घोंगडी उन्हात घालायला उचलली की लोकरीच्या वासामागून अजून समुद्राचा खारा वास येतो, आणि मला ती होडी आठवते. गुडघे गेल्यामुळे वडिलांनी मेंढरं विकली होती आणि वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत रिकाम्या गोठ्यासमोर ते नुसते बसून असायचे. मला गळ टाकायचा नाद, म्हणून एकदा बळेच त्यांना वरंधा घाट उतरून कोकणात नेलं. किनारा दिसेनासा झाल्यावर माझ्या गळाला माहीमाही लागला, हळदीसारखा पिवळा, पाठीवर हिरवा-निळा, भल्यामोठ्या कपाळाचा मासा. मी त्याला वर ओढणार, तेवढ्यात नाखवा ओरडला, "थांबा! तो पाण्यात आहे तोवर बाकीचे लांब जाणार नाहीत." खरंच, त्याच्यामागं पिवळे पट्टे चमकायला लागले, आधी एखाददुसरा, मग सगळा कळपच. घोंगडी पांघरून बसलेले वडील गुडघे विसरून उठले आणि डोंगरात मेंढरांना घालायचे तशी लांब हाळी त्यांनी माशांना घातली. लाटेनं भिजले तरी हसतच होते. परतताना नसरापूरला चहा पिता पिता म्हणाले, "एक मेंढी आनू आपन." मी म्हटलं, "एकीनं काय होणार, आबा?" "त्या माशाचं बगितलंस न्हवं? एक हाय म्हनल्यावर बाकीची येत्यात." आज घोंगडी घेऊन बाहेर आलो, तर ती पसरायला अंगणात जागाच नव्हती, जिकडंतिकडं मेंढरं, आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत, हाळ्या घालत बसलेले वडील.