विमानातला हर्रास

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, अकोल्यात फुलांचा ठोक व्यापार करतो. त्याचा आवाज त्या धंद्यातच घडलेला आहे. पहाटे बाजारात तो हर्रास बोलतो, म्हणजे मोगऱ्याच्या नि झेंडूच्या ढिगांचा लिलाव पुकारतो, आणि उरलेला दिवसभर तोच आवाज घरच्या माणसांवर वापरतो. याच आवाजात तो वर्षभर माझी एक गोष्ट सांगत हिंडत होता.

गोष्ट खरी होती, हेच तिच्यातलं सगळ्यात वाईट. माझ्या मुलीचं जावळ काढलं तेव्हा ती मामाच्या मांडीवर बसून वस्तऱ्याकडे कौतुकानं पाहत होती आणि मी दाराआड उभा राहून रडत होतो. डोळे पाणावले वगैरे नाही, चांगले हुंदके. शेवटी न्हावीच हात थांबवून म्हणाला, "आधी याईले कोणी पाणी द्या." अमरावतीला राजापेठेत माझे गणिताचे क्लासेस आहेत, म्हणून साडू मला मास्तर म्हणतो. त्या दिवसापासून लग्न असो, बारसं असो, तो सुरू करायचा, "पोट्टी हसून राह्यली होती, अन् मास्तर रडून राह्यले होते." एकदा तर त्यानं ही गोष्ट तेरवीच्या पंगतीत सांगितली आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं तेही हसले.

यंदा अधिक महिना आला. या महिन्यात सासुरवाडीला जावयांना धोंडे खाऊ घालतात. माझी सासुरवाडी हिवरखेडची. धोंड्यांच्या पंगतीला झाडून सगळे नातेवाईक येणार, साडू घसा खाकरणार आणि मला ताटातलं तूप निरखत बसावं लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला जगाकडून फार काही नको होतं. त्या पंगतीत हसं व्हावं ते त्याचं, माझं नाही, एवढंच.

संधी अधिक महिन्याच्या आधीच आली. मेहुण्यानं मुंबईत घर घेतलं आणि वास्तुशांत ठेवली. मी साडूला फोन करून अत्यंत गोड आवाजात म्हटलं, "भाऊ, तुम्ही आमच्यासोबत विमानानंच चला. तुमच्या अकोल्यात धावपट्टी आहे, आमच्या अमरावतीत विमान आहे."

"मास्तर, तुमी रडत तं नाई बसणार ना वर?" तो म्हणाला. या एका वाक्यानं माझ्या मनात थोडीफार दया होती तीही गेली.

बेत साधा होता. विमान लहान, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या. पुढच्या दोन खुर्च्यांवर बायको आणि तिची ताई, मागच्या दोन खुर्च्यांवर साडू आणि मी. मुलगी दीड वर्षाची, तिला वेगळी खुर्ची नाही. सकाळपासून मी तिला झोपू दिलं नाही. डोळा लागला की खुळखुळा, मान कलली की गुदगुल्या. बायको म्हणाली, "आज लय लाड करून राहिले तुम्ही पोरीचे." विमान चढताना कान दुखतात, तेव्हा तोंडात बाटली द्यायची, हे तिनं मला बजावून ठेवलं होतं. ती दुधाची बाटली मी बॅगेत तळाशी घातली आणि बॅग वरच्या कप्प्यात सारली. आता विमान हललं की पोरगी भोकाड पसरणार, मी "भाऊ, जरा धरा" म्हणून तिला साडूच्या मांडीवर देणार, ती त्याच्या मिशा उपटणार, सगळं विमान पाहणार. मिशांवर त्याचा फार जीव.

तेवढ्यात हवाई सुंदरी आली आणि तिनं माझ्या पट्ट्यात अडकवलेला एक छोटा पट्टा मुलीच्या पोटाभोवती बांधला. हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, हिला काकांकडे बसायचं आहे." ती गोड हसून म्हणाली, "नाही सर, आता पट्ट्याचा दिवा बंद होईपर्यंत बाळ तुमच्याकडेच राहील."

अशा रीतीनं मी स्वतः तयार केलेला बॉम्ब माझ्याच पोटाला बांधला गेला.

विमान उडालं आणि तो फुटला. मुलगी रडली म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. सकाळपासूनची सगळी झोप तिनं व्याजासकट वसूल केली. तिनं माझा चष्मा काढून फेकला, गालावर नखं ओढली, शर्टाचं बटण तोडलं आणि ते तिच्या तोंडातून काढताना माझं बोट चावलं. पुढून बायको म्हणाली, "अहो, बाटली द्या ना तिला."

"वरच्या बॅगेत गेली वाटते," मी म्हटलं. उठायची सोय नव्हती.

साडू मात्र डोळे मिटून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून काहीतरी पुटपुटत होता. त्याची पहिलीच खेप होती. तो घाबरलाय हे पाहून त्या गोंधळातही मला गार वाटलं. पंगतीत सांगायला माझ्याकडे निदान एवढं तरी होतं. पण मग मे महिन्याच्या गरम हवेत विमानानं एक गचका खाल्ला, मुलीनं वरचा सूर लावला आणि साडूनं डोळे उघडले.

"मास्तर, माल खराब होऊन राह्यला," तो म्हणाला. घाबरलेला माणूस आपल्या ओळखीचं काम शोधतो. त्यानं घसा मोकळा केला आणि अकोल्याच्या फूलबाजारातला तो आवाज विमानात सोडला.

"बोला, बोला, एक नंबरचा ताजा माल, अमरावतीची पोट्टी, आवाज तं ऐकूनच राह्यले तुमी, बोला."

मुलगी दचकून गप्प झाली आणि त्याच्याकडे बघू लागली. सगळं विमान आपल्याकडचंच. हर्रासाचा पुकारा कानावर पडला की हात आपोआप वर जाणारी माणसं. मागून एक धोतरवाले म्हणाले, "एक कॅरेट भरून संत्रा."

"एक कॅरेट संत्रा एक बार. काहून हो, एवढ्यात कोणी पोट्टी देते का?"

"दोन पोते तूर," दुसरीकडून आवाज आला. एक म्हातारी म्हणाली, "माही दुभती म्हैस घ्या, पण पोट्टी मलेच द्या." हवाई सुंदरीनं आवाज कमी करायला सांगून पाहिलं, तर साडू तिला म्हणाला, "म्याडम, तुमी पण बोला." मुलगी टाळ्या वाजवू लागली. प्रत्येक बोलीला खिदळायची.

"म्हैस दोन बार," साडू म्हणाला आणि मग माझ्याकडे पाहून त्याच्या मिशा हलल्या. "अन् पोट्टीसंग बाप फुकट."

म्हातारीनं मान बाहेर काढून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फुटका चष्मा, उघडा शर्ट, गालावर ओरखडे. "मंग राहू द्या," ती म्हणाली. "माही म्हैस वापस."

मुंबईत उतरेपर्यंत लोक हसत होते. मुलगी साडूच्या मांडीवर झोपली होती, दिवा बंद झाल्याबरोबर स्वतः होऊन गेली होती. मिशांना तिनं बोटही लावलं नाही.

म्हणजे आता पंगतीत जावळापेक्षा मोठी गोष्ट येणार होती. मी हिवरखेडला पोचेपर्यंत विचार केला आणि ठरवलं की ती त्याला सांगूच द्यायची नाही. पानं वाढली, साडूनं घसा खाकरला आणि मी सुरू झालो. सगळं सांगितलं. त्याच्या आवाजात हर्रास बोललो, म्हातारीसारखी मान बाहेर काढून दाखवली, स्वतःला त्याच्याहून जास्त फुकट ठरवलं. सासरे हसून हसून ठसकले. साडूचा धोंडा हातातच राहिला. त्याची एवढी मोठी गोष्ट मी त्याच्यासमोर खाऊन टाकली होती आणि त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण पंगत अजून हसायला तयार होती, म्हणून मी म्हटलं, "अन् खरी गंमत तर पुढंच आहे. पोरीला झोपू न देणारा मीच, अन् बाटली मुद्दाम बॅगेत तळाशी दडवणाराही मीच."

कोणी हसलं नाही. बायको तेव्हा माझ्याच पानावर तूप वाढत होती. तिनं धार थांबवली, तुपाचं भांडं उचललं आणि ती साडूच्या पानाकडे गेली.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली, आणि तो नको नको म्हणेपर्यंत वाढत राहिली.

साडू हळू आवाजात, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाला, "मास्तर, हे आता मी सांगतो."

आता तो ती गोष्ट सांगतो, आणि माझी बायको शेजारी बसून त्याचे तपशील दुरुस्त करते. मी सूडबीड घेणं सोडलं आहे, असं घरी सांगितलं आहे.