सुईची जागा

दुपारची जेवणं झालीत. उशीवर डोकं टेकलंय, पण झोप काही येत नाही. कुशीवर वळलं की खोकला येतो, उताणं पडलं की पाठीत सुई टोचलेली जागा ठणकते. बाहेरच्या खोलीत माझा मुलगा अभिजित हळू आवाजात डॉक्टर मोमीनबाईंशी फोनवर बोलतोय. मी त्याला सकाळीच सांगून टाकलंय, आता पुन्हा सुई नाही. काय ते सलाईन लावा आणि मोकळं करा मला.

फुप्फुसातून काढलेला तुकडा कॅन्सर ओळखण्यापुरताच निघाला, जनुकांच्या तपासणीला उरलाच नाही. त्या जनुकांत ठरावीक बदल सापडला तर घरी बसून रोजची गोळी, नाहीतर केमोचं सलाईन. बाई म्हणतात, अंदाजाने औषध देणार नाही, उद्या या, पुन्हा तुकडा काढू. त्यांचं काय जातंय म्हणायला. पाठ माझी आहे.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो. तूप तापल्याचा वास येतो आणि मी आक्काच्या स्वयंपाकघरात उभी आहे.

आक्का माझी थोरली बहीण. याच दुखण्याने गेली. आम्हा दोघींपैकी कुणी तंबाखूला कधी हात लावला नाही, पण दुखणं विचारून थोडंच येतं. तिला आधी टीबी समजून गोळ्या झाल्या, मग सलाईनं झाली. जनुकांच्या तपासणीचं नावसुद्धा तेव्हा आमच्याकडे कुणी काढलं नव्हतं. आता ती पाटावर बसून अनारसे थापतेय. डोक्यावर केस आहेत, चांगले दाट, आणि ते बघून मला इतकं बरं वाटतं की रडूच येतं. शेगडीच्या जागी दवाखान्यातलं स्कॅनचं गोल यंत्र आहे, त्याच्या भोकात कढई ठेवलीय. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

"बस की, शालन. हुबी का ऱ्हायलीस?"

मला बसवत नाही. मी येरझाऱ्या घालत तिला सगळं सांगते, उद्या जाणार नाही हेही सांगते. ती नुसती हं हं करते आणि खसखशीवर अनारसा थापत राहते. माझी घाई तिला लहानपणापासून ठाऊक. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, तर मी दुसऱ्याच दिवशी उपसून कुटायला घ्यायची. मग तुपात सोडले की अनारसे हसायचे, कढईभर पसरून त्यांचा चुरा व्हायचा. आक्का रागवायची नाही. तो चुरा मलाच खायला लावायची.

आम्ही कराडच्या एसटी स्टँडवर बाकावर बसलोय. अनारशाच्या पिठाची परात तिच्या मांडीवर आहे. समोर गाडी लागलीय, तिच्या पाटीवर काहीच लिहिलेलं नाही, आणि कंडक्टर एकेकाची पाठ बघून आत सोडतोय. मी उठते, बसते, परत उठते.

"चल ना आक्का, जाईल ही."

"कुठं जाती ती?"

"कुठं का जाईना. निघू तर दे."

"बिनपाटीच्या गाडीत मी बसले हुते एकदा," आक्का म्हणते. आवाजात तक्रार नाही, बाजारातून आणलेल्या भाजीबद्दल बोलावं तसं बोलते.

मग मी विचारते. केव्हापासून तेच विचारायचं होतं. मोमीनबाईंनी मला समजावलंय की हा बदल गाठीत नव्याने झालेला असतो, एका बहिणीचं दुसरीला लागू पडत नाही. पण इथं बाईंचं कोण ऐकतंय?

"आक्का, तुझ्यात तो बदल होता का गं? गोळीचा? तू सांगितलंस तर मला सुई नको."

तिचे हात थांबतात.

"मला काय म्हाईत? माझं कुणी बघितलंच न्हाई."

मला वाटत होतं, गेलेल्यांना सगळं कळतं. हिला अजून कळलेलं नाही. मला तिचा राग येतो, मग सगळ्या दुनियेचा येतो. मी तिचा पदर धरायला जाते तर हाताला दवाखान्याची चादर लागते. मी स्कॅनच्या टेबलावर पालथी पडलेय. यंत्र घरघरतंय. आक्का माझ्या मागे आहे, दिसत नाही.

"नखाएवढं पीठ दिलंस आन् अनारसं झालं न्हाई म्हणतीस. आनिक थोडं दे की." तिचा अंगठा माझ्या पाठीवर टेकतो, जुन्या जागेच्या जरा खाली. ती चांगला दाबून धरते. "हितं. श्वास धर."

मी श्वास धरते.

खोकल्याने जाग येते. मी पालथी झोपलेय, आणि मी कधी पालथी झोपत नाही. सून सोनल चहा घेऊन आलीय. कप ठेवता ठेवता ती वाकून बघते.

"आई, ब्लाउजला पाठीवर काय लागलंय?" ती नखाने थोडं खरवडते, वास घेते. "गूळ घातलेलं पीठ दिसतंय. खसखस पण चिकटलीय."

आक्का गेल्यापासून या घरात अनारसे झालेले नाहीत. मला जमत नाहीत, सोनल दिवाळीला विकतचे आणते, आणि दिवाळी अजून लांब आहे. ती ओला फडका आणायला वळते तसा मी तिचा हात धरते.

"पुसू नको," मी म्हणते. "उद्या मोमीनबाईंना जागा दाखवायचीय."