एकाच कुळाची तीन मडकी

काकू खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालत, डोळे मिटत आणि म्हणत, "पाठ वेगळी, पोट वेगळं, बूड वेगळं." तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. मला आलं होतं.

धाड गावाजवळ त्यांचा भाजीपाल्याचा मळा. मी बुलढाण्याला माती तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, नमुने घ्यायला त्यांच्याकडे जायची. जुना ढीग मोडला की काकू वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातलं मूठमूठ खत तीन मडक्यांत झाकून ठेवत आणि नव्या ढिगात ज्याच्या त्याच्या जागी विरजणासारखं लावत. मडक्यांवर खूण नसे. नाकाशी धरलं की त्यांना कळे.

मी तिन्ही मडक्यांतले जिवाणू वाढवले, जनुकं तपासून घेतली. जवळजवळ सारखी निघाली. अक्कल पाजळायला मला तेवढं पुरलं. "काकू, तिन्ही एकच आहेत. वरचं एक मडकं पुरे."

"तू शिकेल हायेस बाई," म्हणत त्यांनी बाकीची दोन बांधावर उपडी केली. त्या वर्षी ढीग तापलाच नाही. वांग्याची रोपं लावणीला आली, तरी काडीकचरा तसाच. त्या मळ्यावरच त्यांचं घर चालायचं. मला तोंड दाखवायची लाज वाटली.

काकू रागावल्या नाहीत. "तुनं नुसते चेहरे पाह्यले," म्हणाल्या. "कोन कुठी राह्यते, काय खाते, हे नाही पाह्यलं."

लॅबमध्ये उरलेले नमुने मी वेगवेगळ्या उष्णतेत ठेवले. पोटातले जिवाणू हात भाजेल अशा उबेत फोफावले. पाठीवरचे तिथे मेले. बुडातले गार ओलीत निवांत वाढले. एकाच कुळातले, दिसायला सारखे, आणि संसार तीन. मूठभर खतात इतकी बिऱ्हाडं नांदत होती. काकूंना हे कुठल्याही यंत्राशिवाय ठाऊक होतं.

ते नमुने वाढवून मी परत नेले आणि काकूंनी ते ज्याच्या त्याच्या थरात लावले. चार दिवसांत ढिगातून वाफ निघाली. काकूंनी माझाच हात धरून आत घातला. चटका बसला. "गेले आपापल्या घरी," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. परवा त्यांच्या सुनेनं बोलावलं. ती नवा ढीग रचत होती, मडकी पुढ्यात होती. "मॅडम, यातलं पोटाचं कोनतं?"

मी एकेक मडकं नाकाशी धरलं. तिन्हींचा वास मला सारखाच आला. "आठवडाभर थांब," म्हटलं, "लॅबमध्ये वाढवून सांगते."

ती मडक्यांकडे बघत हळूच म्हणाली, "सासूबाई तं एका श्वासात सांगे."