कळंना सर आणि कन्हेरीची विहीर

आमच्या ऑफिसात 'मला कळंना' हे वाक्य मोठ्यानं म्हणणारा एकच माणूस होता, आणि मालक सोडले तर नेमका तोच सगळ्यांत वरच्या खुर्चीत बसायचा. आम्ही बाकीचे काही न कळता माना डोलावण्यात पटाईत. सर मात्र भर मीटिंगमध्ये हात वर करायचे, "थांबा जरा. मला कळंना." समोर मालक असोत की गिऱ्हाईक. मग आपोआपच त्यांचं नाव कळंना सर पडलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा तर फोन उचलून त्यांनी स्वतःच "कळंना बोलतोय" असं सांगितलं होतं.

बारामतीत आमची छोटीशी कंपनी. शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचा डबा आम्ही बनवतो. सर इंदापूरकडचे. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, धाकटा भाऊ रफीक वायरमन. सर शिकले, कॉलेजात शिकवू लागले आणि तिथून आमच्याकडे आले. डब्यातलं सॉफ्टवेअर त्यांचं. मी भवानीनगरची, नुकती पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली लागलेली.

प्रत्येक डबा पहिल्यांदा सुरू झाला की स्वतःसाठी एक गुप्त किल्ली तयार करतो. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, कुणालाही ओळखता येऊ नये असा. या किल्लीवरूनच आमचा सर्व्हर डबा ओळखतो आणि शेतमालकाच्या फोनचा हुकूम त्याच्याकडे पाठवतो. "पण हा आकडा येतो कुठून?" असं मी विचारल्यावर सरांनी ड्रॉवरमधून पत्त्यांचा कॅट काढला. "पिसणारा कितीबी हुशार असू दे. पानं त्याच क्रमानं हातात दिली आन् त्यानं तसंच पिसलं, तर डाव तोच पडणार. म्हणून पिसायच्या आधी थोडा गोंधळ पायजे, आन् कॉम्प्युटरला तो स्वतःचा करता येत न्हाय. बाहेरनं गोळा करावा लागतो. सिग्नल जरा लवकर आला, जरा उशिरा आला, असल्या बारीकसारीक गोष्टींतनं."

मी म्हटलं, "कळलं."

"एवढ्यात? मला तर अजून कळंना."

खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं. आजसुद्धा नव्या पोरापोरींना हे समजावताना मी मध्येच कुठंतरी हरवते.

पुढं त्या गोंधळानंच आमचा गोंधळ केला. लाईट आली की सर्व्हरशी गुप्तपणे बोलायला डब्याला दरवेळी असा नवा आकडा लागायचा. उसाच्या बांधावर एकट्या पडलेल्या डब्याला गोळा करायला काही मिळेना, त्यामुळं तो जागा व्हायला फार वेळ घ्यायचा. शेतात लाईट येणार मोजके तास, त्यात ही झोप. लोकांचे फोन यायचे, "ओ सायेब, लाईट येऊन बसली, तुमचा डबा उठतोय का न्हाय?" किल्ल्या बनवणारी जी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्राम, आम्ही वापरायचो, तिच्यात सुरुवातीचा आकडा कुठून घ्यायचा हे ठरवता येतं. त्या आकड्याला सीड म्हणतात. सरांनी तिथं बदल केला. बाहेरच्या गोंधळाची वाट बघू नकोस, मागच्या वेळी साठवून ठेवलेला आकडा घे आणि कामाला लाग. डबे चटकन उठायला लागले. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, आम्ही पेढे खाल्ले.

आणि मग एका सकाळी कन्हेरीहून, नुकताच आमचा डबा बसवलेल्या विहिरीवरून, रफीकभाईंचा फोन आला. विहिरीत उतरून मोटारीचं काम करणारा हा माणूस. उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात टाकायचा, ही त्याची जुनी सवय. वडिलांनीच घोकून घेतलं होतं, "फ्यूज खिशात तर जीव हातात." सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"भाई, पान्हा वर राहिला म्हणून पायऱ्या चढून आलो, आन् मागं मोटार चालू झाली. हात आतच असता माझा."

"कुणी दाबलं बटण?"

"कोण दाबंल? शेतमालक कठड्यावर हुबा, मोबाईल त्याच्या खिशात."

"फ्यूज काढला नव्हतास?"

"तुमचा डबा हाय म्हणून न्हाय काढला."

सर उठून थेट मालकांकडं गेले. फोन हातात तसाच होता.

मालक म्हणाले, योगायोग असेल, वायर ओली असेल, कुणाचा धक्का लागला असेल. सर म्हणाले, "सगळे डबे बंद करा. लोकांना सांगा, हातानं चालू करा मोटारी."

"भर उन्हाळ्यात? लोक मारतील, सर! काहीतरी कारण तरी द्या."

"कारणच न्हाय माझ्याकडं. म्हणून तर बंद करा म्हणतोय."

अखेर मालकांनी ऐकलं. सर मात्र ऐकून घेण्याच्या पलीकडं गेले होते. जेवायचे नाहीत, चहा समोर निवत राहायचा, आणि पुटपुटत राहायचे तेच दोन शब्द. आजवर आम्ही त्यावर हसत आलो होतो. आता कुणाला हसू येईना, आणि मदत कशी करावी तेही सुचेना.

वाट दाखवली ती एका तक्रारीनं. शेळगावच्या एका तात्यांचा फोन मीच घेतला. ते वैतागून म्हणाले, "डबा बंद करायचा तर करा, पर आधी हे सांगा. मोटार एकच हाय माझी, आन् चालू झाल्याचे निरोप दोन-दोन का येत हुते?"

मी सरांना सांगितलं. ते एकदम उठले. शेळगावचा डबा आणि कन्हेरीचा डबा आम्ही मागवून घेतले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून उघडले. दोघांची किल्ली एक. शेवटच्या अक्षरापर्यंत एक.

आम्ही काय करायचो, तर एक डबा नीट तयार करून त्याच्या मेमरी कार्डाची जशीच्या तशी नक्कल बाकीच्या डब्यांत उतरवायचो. एका घरचं विरजण गल्लीभर जातं, तसं. त्या नकलेबरोबर साठवलेला आकडाही जात होता. एकाच आकड्यापासून सुरुवात करून बऱ्याच डब्यांनी एकसारखंच पिसलं होतं आणि एकसारखीच किल्ली बनवली होती. तात्यांनी शेळगावात बटण दाबलं, हुकूम दोन्ही डब्यांना गेला.

कुणी विचारलं नव्हतं, तरी सर सगळ्या ऑफिससमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ते सेटिंग मी केलंय."

मग त्यांनी ते बदललं. डबा उशिरा उठला तरी चालेल, पण स्वतःचा गोंधळ स्वतः गोळा केल्याशिवाय किल्ली बनवायची नाही, आणि दुसऱ्याचा आकडा घ्यायचा नाही. नव्या किल्ल्या करायला आम्ही गावोगाव हिंडलो. डबा पुन्हा झोपाळू झाला म्हणून लोक सरांना बोलायचे. सर पुढच्या डब्याकडं वळायचे.

कन्हेरीच्या विहिरीवर रफीकभाई वाट बघत बसले होते. त्यांनी विचारलं, "कळलं का मग, भाई?"

"कळलं," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"मंग आता फ्यूज काढायला नको?"

"काढायचा. ते सेटिंग करताना पण मला वाटलं हुतं, कळलंय म्हणून."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. हे असं कसं झालं, ते मला अजून उमगत नाही.

परवा शेळगावात त्याच तात्यांच्या विहिरीवर नवा डबा बसवून आले. दुपारी त्यांचा फोन. "ताई, डबा जागा हाय, लाईट हाय, पर मोटार काय चालू हुईना."

मी सिग्नल बघितला, सर्व्हर बघितला, किल्ली बघितली. सगळं ठीक. भर ऑफिसात मी मोठ्यानं म्हणाले, "तात्या, थांबा जरा. मला कळंना." नव्या पोरांनी माना वर करून माझ्याकडं पाहिलं. पेन काढायला मी पर्समध्ये हात घातला, तर चिनी मातीचा गार फ्यूज हाताला लागला. काम करताना मोटारीच्या लाइनचा काढलेला, तसाच माझ्याबरोबर बारामतीला आलेला. मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

"तात्या," मी म्हटलं, "फ्यूज माझ्यापाशी हाय. येते घेऊन."