काहीतरी आईचं

आमच्या दाजींइतका अख्ख्या महाराष्ट्राच्या कानात जाऊन बसलेला आणि कुणाच्याच ध्यानात न राहिलेला माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मी मिरजगावच्या शाळेत मास्तर आहे. रोज संध्याकाळी साडेसातला घराघरांत वाजणाऱ्या त्या मालिकेचं शीर्षकगीत आमच्या दाजींनी केलंय, असं मी एकदा शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तर चित्रकलेच्या सरांनी आपले मामा चंद्रावर जाऊन आल्याचं जाहीर केलं. सरांचाही दोष नाही. गाण्याला संगीतकार म्हणून ज्यांचं नाव यायचं ते साहेब मोठे होते, त्यांचे फोटो पेपरात यायचे. दाजींचं नाव यायचं ते भाग संपल्यावर, 'संगीत संयोजन' या शब्दांपुढे, आणि तेही अशा वेळी की वाहिनीवाल्यांनी नावांची पट्टी एका कोपऱ्यात ढकलून उरलेल्या पडद्यावर पुढच्या कार्यक्रमातली भांडणं सुरू केलेली असायची. अक्का चष्मा पुसून, खुर्ची टीव्हीला चिकटवून तयार बसायची. मालिका सात वर्षं चालली. तेवढ्या काळात तिला ते नाव पुरतं वाचता आलं ते दोनदा. दाजी त्या वेळी हटकून न्हाणीघरात असत.

दाजी मूळ जामखेडचे. वडील तिथल्या चर्चमध्ये पायपेटी वाजवत, ते काम त्यांच्यानंतर दाजींकडे आलं. पुढे नगरला एका म्हाताऱ्या सरांनी त्यांना पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं आणि त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी पट्टीत असते आणि बहुधा ती चुकीच्या पट्टीत असते, असं त्यांचं ठाम मत. कुकरची शिट्टी बेसूर झाली की ते जेवायला उठत नसत. माझे सासरे गेले तेव्हा दाजी भेटायला आले. त्यांना बघून सासूबाईंनी हंबरडा फोडला. दाजींनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, प्रार्थना करताहेत. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पट्टी काळी चार. खरं दुःख हाय. आमच्या मालिकेतल्या बाया पांढरी दोनमध्ये रडतात, म्हनून मला खाली व्हायोलिन लावावं लागतं."

मालिका संपल्यावर स्वतःच्या घरात त्यांनी टीव्ही ठेवलाच नाही. दुसऱ्यांकडे तो चालू असला तर खुर्ची फिरवून पाठ करून बसत आणि नुसत्या आवाजावरून, आता थोरली सासू जिन्यात आली, आता धाकटीनं चिठ्ठी लपवली, असं कोरड्या आवाजात सांगत. एकदाही चुकले नाहीत. बायका कौतुकानं बघायच्या. दाजींना त्या कौतुकाचा राग यायचा. म्हणत, सुतारानं स्वतः केलेल्या दाराचा आवाज ओळखला तर त्यात कौतुक कसलं.

संयोजक म्हणजे काय करतो, हे त्यांनी मला एकदाच समजावलं. संगीतकार एक ओळ गुणगुणतो. तिच्यामागे सतार का बासरी, कुठं थांबायचं, कुठं डोळ्यात पाणी आणायचं, हे सगळं संयोजकानं ठरवून कागदावर उतरवायचं. "साहेब पत्ता देतात, घर आपन बांधायचं." सुरुवातीची वर्षं असंच चाललं. पुढे साहेब मोठे झाले तसा पत्ताही येईनासा झाला. नुसता फोन यायचा. एक संशयाचं कर, पण घरगुती संशय हवा. एक लग्न मोडल्याचं कर, मात्र पुन्हा जुळायला वाव ठेव. असंच एकदा सांगणं आलं, परवापर्यंत काहीतरी आईचं कर. दाजींनी केलं. तेच ते शीर्षकगीत.

दाजींचा घात केला तो त्यांच्या टापटिपीनं. इतक्या वर्षांत केलेल्या पार्श्वसंगीताचे तुकडे त्यांनी संगणकावर नीट लावून ठेवले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं: दुःख एक ते दुःख चौदा, संशय लहान, संशय मोठा, सून निर्दोष, सून निर्दोष पण गप्प. निर्मात्यांच्या माणसांनी ते मागितले, तेव्हा यांनी कामात सोय होईल म्हणून आनंदानं दिले, वर कुठला कुठं वापरावा याची यादीही दिली. मग फोन कमी होत गेले. चार महिने फोन आलाच नाही, तेव्हा दाजी स्वतः स्टुडिओत गेले. तिथल्या मुलीनं त्यांना चहा दिला आणि गोड आवाजात सांगितलं, "सर, आता लागत नाही. तुमचं सगळंच आहे आमच्याकडे."

कामासाठी थाटलेलं शहरातलं बिऱ्हाड मोडून दाजी आणि अक्का नगरला परत आली. दाजी रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले, पण हात मालिकेला सरावलेला. दानाच्या वेळी मागे जे हळू वाजवायचं, ते त्यांनी अशा खर्जात धरलं की पुढच्या बाकावरच्या बायकांनी दचकून दाराकडे पाहिलं. त्यांना वाटलं सासूच येतेय. पाळकांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, जरा आशा वाटेल असं वाजवा. दाजी म्हणाले, आशेचं कुनी मागितलंच न्हाई हो इतकी वर्षं.

मग नगरच्या एका मंडळानं साहेबांचा सत्कार ठरवला. दाजींना आमंत्रण नव्हतं. अक्कानं कुठून तरी तीन पास मिळवले आणि ठेवणीतली साडी नेसली. तिच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. सभागृह भरलेलं होतं. साहेब बोलायला उठले आणि त्या गाण्याची गोष्ट सांगू लागले. लहानपणी त्यांची आई पहाटे दळायला बसायची, तेव्हा ती हीच चाल म्हणायची, असं त्यांनी सांगितलं. आजूबाजूचे रुमाल बाहेर निघाले. अक्कानं दाजींचा दंड धरला. दाजी समोर बघत होते. तेवढ्यात साहेबांचंच लक्ष गेलं. त्यांनी दाजींना नावानं हाक मारून स्टेजवर बोलावलं, मिठी मारली आणि माईकवर म्हणाले की हा माझा उजवा हात, फार कष्टाळू माणूस. टाळ्या पडल्या. दाजींनी हात जोडले, खाली आले आणि चप्पल शोधू लागले.

गाडीत, सावेडीचा चौक गेल्यावर अक्कानं विचारलं, "का नाही बोललात? माईक हातभर अंतरावर होता."

दाजींनी काच खाली केली. मग जे सांगितलं ते अक्कालाही माहीत नव्हतं. ती चाल त्यांच्या आईची होती. ज्वारी निवडताना ती म्हणायची, शब्द नसायचेच. साहेबांनी काहीतरी आईचं मागितलं तेव्हा दाजींना दुसरं काही सुचलं नाही, त्यांनी तेच दिलं. मालिका सुरू झाली त्या आठवड्यात ते जामखेडला गेले होते. आई शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला बसली होती. गाणं लागलं तशी तिनं दाजींचं मनगट धरलं आणि म्हणाली, "आरं, हे तर माझं हाय. ह्यांना कुनी सांगितलं?" खोलीत दहा माणसं होती. चालीवर हक्क सांगणार नाही असं दाजींनी साहेबांना कागदावर लिहून दिलेलं होतं. आणि कागद नसता तरी, ते म्हणाले, आईला न विचारता तिचं देऊन टाकलंय हे तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांनी आईला सांगितलं, तुला भास झाला असंल, असल्या चाली सारख्याच असतात.

"तिला पटलं," दाजी म्हणाले. "आनि मग तिनं ते म्हनायचंच सोडलं. लोक म्हनतील, म्हातारी टीव्हीवरचं म्हनती. आईपुढं खोटं बोललो, आता त्या हॉलपुढं खरं बोलून काय करू?"

अक्कानं ठेवणीतल्या साडीचा पदर खांद्याभोवती लपेटून घेतला.

पुढच्या सुगीच्या सणाला दाजींनी आम्हाला जामखेडच्या चर्चमध्ये नेलं. आई जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. उपासना संपल्यावर लोक उठायच्या आत ते पायपेटीवरून उभे राहिले आणि ते गाणं सगळ्यांना ठाऊक आहे का, असं विचारलं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग ते म्हणाले, ही चाल साहेबांची नाही, माझीही नाही, माझ्या आईची आहे.

पुढच्या बाकावर त्यांच्या आईच्या वयाची एक म्हातारी बसली होती. दोघी एकाच ओट्यावर धान्य निवडायच्या, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "तिची एकलीची कुठली, बाबा? आमी समद्याच म्हनायचो. तिला तर मधला तुकडा कदी नीट आलाच न्हाई."

लोक हसले. मला वाटलं, आयुष्यात एकदा हा माणूस तोंड उघडून खरं बोलला आणि तेही असं कापलं जावं. दाजी मात्र खाली आले आणि म्हातारीच्या पायाशी जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं, मावशी, कसा होता मधला तुकडा? तिनं म्हणून दाखवला. सरळ, वर चढत जाणारा, नेटका. मालिकेतल्यासारखा अजिबात नव्हता.

"आता आई म्हनायची तसा म्हना," दाजी म्हणाले. "चुकलेला."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मग डोळे मिटून तिनं मैत्रिणीची नक्कल केली. मध्येच अडखळून, अर्ध्यावरून खाली घसरणारा तो तुकडा. सात वर्षं घराघरांत वाजला तो हाच होता. दाजींनी तो तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला, आणि आम्ही बाहेर जाऊन त्यांची वाट पाहत उभे राहिलो.